साक्ष, पाठ आणि कूट लिपी

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथात जे गद्य लिहिले गेले, त्याचा विचार बहुधा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील पहिले प्रकरण म्हणून होतो; लीळाचरित्र हा आद्य गद्यग्रंथ, महदंबा ही आद्य कवयित्री, भीष्माचार्य हा आद्य व्याकरणकार अशी त्या प्रकरणाची मांडणी असते आणि ती चुकीची नाही. परंतु या लेखकांपैकी कोणीही वाङ्मय निर्माण करण्यासाठी लेखणी उचललेली नव्हती. त्यांचा एक समुदाय होता, त्या समुदायाने लिहिण्याचा एक हेतू ठरवलेला होता, आणि पुढची दोन-तीन शतके तो हेतू सुटू नये म्हणून त्याने जे नियम, संकेत आणि निर्बंध घालून घेतले, त्यांतूनच हे वाङ्मय आजच्या रूपात हाती आले. एकत्र लिहिणाऱ्या माणसांचा समूह मूळ उद्देशाशी प्रामाणिक कसा राहतो, आणि कोणत्या उपायाने तो राहिल्यासारखा दिसूनही त्यापासून दूर जातो, या प्रश्नाचा इतका दीर्घ आणि लेखी पुरावा मागे ठेवणारा दुसरा समुदाय मराठीत क्वचितच सापडेल.

या इतिहासाचे एक टोक फलटणमध्ये आहे. सातारा जिल्ह्यातील, बाणगंगेच्या काठचे, नाईक निंबाळकरांच्या जुन्या संस्थानाची राजधानी असलेले हे गाव महानुभावांना 'दक्षिण काशी' वाटते, कारण पंथ ज्यांना परमेश्वराचे पाच अवतार मानतो त्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी, म्हणजेच चांगदेव राऊळ, यांचा जन्म येथे एका कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. श्रीकृष्ण आणि दत्तात्रेय हे पहिले दोन. त्यानंतर फलटणचे चक्रपाणी, रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि पंथाचे संस्थापक चक्रधर असा हा क्रम आहे. चक्रपाणींनी घर सोडून माहूरची आणि नंतर द्वारावतीची वाट धरली आणि तेथे हाती खराटा व सूप घेऊन रस्ते झाडले, अशी परंपरेची आठवण आहे. त्यांनी स्वतः काही लिहिले नाही, चक्रधरांनीही लिहिले नाही. चक्रपाणींचे फलटणमधील दिवस आज ज्ञात आहेत ते चक्रधरांनी आपल्या शिष्यांना ते सांगितले, शिष्यांनी लक्षात ठेवले आणि चक्रधरांच्या आठवणींचे लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी त्या ग्रंथाच्या आरंभी 'एकांक' या भागाशी ते जोडले म्हणून. गावाच्या पवित्रतेचा सारा आधार अशा रीतीने ऐकलेल्या, आठवलेल्या आणि मग लिहिलेल्या शब्दांवर उभा आहे. चैत्रातल्या यात्रेला येथे जमणारा भाविक ज्या स्थानांना नमस्कार करतो, त्या स्थानांच्या नोंदी ठेवणारे 'स्थानपोथी' हे स्वतंत्र पुस्तकही पंथाने चौदाव्या शतकात तयार केले. अवतारांनी कोठे मुक्काम केला, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, ओटा कोठे होता, असा तपशील त्यात गावोगावच्या क्रमाने येतो.

लिहिण्याचा हेतू नेमका काय होता, हे समजण्यासाठी पंथाच्या विचारातील दोन संज्ञा लक्षात घ्याव्या लागतात. अवतार प्रत्यक्ष समोर असण्याच्या काळाला 'सन्निधान' आणि तो निघून गेल्यानंतरच्या काळाला 'असन्निधान' म्हणतात. सन्निधानात शिष्याने सेवा करायची. असन्निधानात परमेश्वराचे नाम, त्याचे रूप, त्याच्या लीळा आणि चेष्टा, म्हणजे त्याचे लहानमोठे वागणे, यांचे स्मरण करायचे, कारण उद्धाराचा तोच मार्ग उरतो. सुमारे १२७४ मध्ये चक्रधर उत्तरेकडे निघून गेले आणि पुढे पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांसह शिष्यपरिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी एकत्र आला, तेव्हा स्मरणाचा प्रश्न तात्त्विक राहिला नाही. ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते ती माणसे म्हातारी होत होती. त्यांच्याबरोबर आठवणी गेल्या तर पुढे येणाऱ्यांनी स्मरण करायचे ते कशाचे? सराळ्याच्या म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरी येथे लेखनाला आरंभ केला तो या चिंतेतून, आणि म्हणून लीळाचरित्राची शैली जशी आहे तशी आहे: छोटी वाक्ये, बोलल्यासारखे संवाद, कोणी काय खाल्ले, कोठे झोपले, कोणत्या झाडाखाली बसले याची निरलंकार नोंद. स्मरणाला उपयोगी पडेल ते ठेवायचे आणि लेखकाच्या कौशल्याचे प्रदर्शन करणारे काही घालायचे नाही, ही त्या शैलीमागची शिस्त आहे. म्हाइंभट संस्कृत जाणणारे, वादविवादात तरबेज पंडित होते, हे ध्यानात घेतले की या साधेपणात किती संयम आहे ते कळते.

संकलनाची पद्धत त्याहून अधिक लक्षणीय आहे. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या, परंतु नागदेव प्रमुख आहेत म्हणून त्यांचाच शब्द पुरेसा मानला नाही. जी घटना ज्याच्या देखत घडली त्याच्याकडून ती मिळवायची, त्यासाठी त्या माणसाकडे जायचे आणि मिळालेली हकिगत पुन्हा ताडून पाहायची, असे त्यांचे धोरण होते. शंका आली तर तिच्या शोधाची नोंद ग्रंथातच 'शोधु' म्हणून येते. दोन शिष्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांतली एक गाळून टाकण्याऐवजी दुसरीही 'वासना' या नावाखाली, म्हणजे स्मरणातला वेगळा पाठ म्हणून, मूळ हकिगतीच्या शेजारी ठेवली जाते आणि ती कोणाची हेही अनेकदा सांगितले जाते. इस्लामी परंपरेत नवव्या शतकात बुखारी आणि इतर संकलकांनी पैगंबरांच्या वचनांना सांगणाऱ्यांची साखळी जोडून तिची पारख केली, त्याच्याशी हे काम जवळचे आहे. फरक इतका की तेथे संकलक आणि घटना यांच्यामध्ये दोन शतकांहून अधिक काळ गेला होता, तर रिद्धपुरात साक्षीदार डोळ्यांसमोर बसलेले होते. आपल्या श्रद्धेच्या केंद्राविषयी लिहिताना मतभेद झाकून ठेवायचा मोह कोणत्याही समुदायाला होतो. महानुभावांच्या पहिल्या पिढीने तो टाळला, याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

हेतूची दुसरी कसोटी भाषेची होती. केशिराजबास, ज्यांना केशोबास असेही म्हणतात, हे संस्कृतात रचना करण्याइतके समर्थ होते आणि चक्रधरांच्या लीळांवर त्यांनी संस्कृत श्लोक रचण्यास प्रारंभ केला होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, आणि त्याचे जे कारण नागदेवांच्या आठवणींच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात नोंदले आहे ते असे की, अशा लेखनाने पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. शास्त्रीय शंका संस्कृतात विचारणाऱ्या पंडितांनाही नागदेवांनी, स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तुम्ही मराठीतच विचारा, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे त्याच ग्रंथात आहे. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात संस्कृत ही प्रतिष्ठेची आणि मोबदल्याची भाषा होती. तिच्यात लिहिले असते तर पंथाचे नाव देशभर झाले असते, विद्वानांनी ग्रंथांची दखल घेतली असती. पण वाचणारा कोण याचे उत्तर आधी ठरलेले होते. केशोबासांनी पुढे चक्रधरांची वचने लीळांतून वेचून 'सूत्रपाठ' सिद्ध केला आणि ११४ दृष्टान्तांचा 'दृष्टान्तपाठ' रचला, ते मराठीतच. विशेष म्हणजे जो पंडित थांबवला गेला त्याच्याकडूनच पंथाला त्याचे सर्वांत टिकाऊ ग्रंथ मिळाले.

कवींच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण झाली, कारण कविता स्वतःच्या सौंदर्याकडे ओढून नेते. नरेंद्र कवीने १२९२ च्या सुमारास 'रुक्मिणीस्वयंवर' रचले तेव्हा रामदेवराव यादवाने ओवीमागे सोन्याचे नाणे देऊन ते आपल्या नावे करून मागितले आणि कवीने ते नाकारले, अशी पंथातील परंपरा आहे. नरेंद्र आपल्या भावांसह नागदेवांकडे आला, आणि काव्याचा जो भाग स्मरणात होता तो घेऊन आला. याहून बोलका प्रसंग भास्करभट बोरीकरांचा आहे. त्यांचे 'शिशुपाळवध' हे चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले काव्य शृंगाराने आणि वर्णनवैभवाने नटलेले आहे. ते पूर्ण झाल्यावर पंथातल्या एका ज्येष्ठाने ग्रंथ उत्तम झाला असे म्हणून, मात्र तो संसारातून निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय दिला. भास्करभटांनी तो मानला, आणि त्यानंतर भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेली 'उद्धवगीता' लिहिली. या अभिप्रायात दोन गोष्टी एकत्र आहेत. ग्रंथाची गुणवत्ता नाकारलेली नाही, आणि गुणवत्ता आहे म्हणून तो हेतूला धरून आहे असेही मानलेले नाही. समूहात चांगले लिहिणाऱ्या माणसाला असे सांगणे अवघड असते. बहुतेक ठिकाणी त्याची स्तुती होते आणि समूह हळूहळू त्याच्या मागे वळतो, किंवा त्याला दुखावून बाहेर घालवले जाते. येथे 'शिशुपाळवध' जाळले गेले नाही, पुढे पंथाने ज्यांना 'साती ग्रंथ' म्हणून गौरवले त्यांत त्याला स्थान मिळाले, आणि भास्करभट स्वतः बाइदेवबासांनंतर पंथाचे आचार्य झाले. त्यांच्या नावाचा कवीश्वर आम्नाय, म्हणजे पंथातील एक गुरुपरंपरा, आजही आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या आणि परंपरेनुसार त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत गेली. समुदायाची खरी परीक्षा येथे झाली. ग्रंथ पाठ असलेल्या माणसांनी तो पुन्हा लिहून काढला. हिराइसा या स्त्रीचा पाठ, परशरामबासांचा, रामेश्वरबासांचा असे निरनिराळे पाठ तयार झाले आणि पोथ्यांमधून ती ती नावे आजही भेटतात. ज्या म्हाताऱ्या बायकांसाठी संस्कृत नाकारले गेले होते, त्यांच्यासारख्याच एका बाईच्या स्मरणातून ग्रंथ परत मिळावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या भाषेत ती विचार करत होती त्या भाषेत ग्रंथ होता म्हणून तो तिला पाठ होता. हिराइसाचा पाठ परशरामबासांच्या पाठाहून वेगळा पडला तेव्हा कोणता खरा हे ठरवण्यासाठी एखादे पीठ नेमल्याचे दिसत नाही. दोन्ही चालू राहिले. पुढील काळात भाष्यकारांनीही मुळाशी असलेला दुवा तुटू दिला नाही. सूत्रे संदर्भातून वेगळी काढली की कोणीही त्यांचा हवा तसा अर्थ लावू शकतो, हे ओळखून प्रत्येक सूत्र चक्रधरांनी कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले ते सांगणारे 'प्रकरणवश' नावाचे लेखन झाले. सूत्रातील शब्दाची विभक्ती कोणती, क्रियापदाचा कर्ता कोण, हे अचूक ठरवता यावे म्हणून भीष्माचार्यांनी 'पंचवार्तिक' लिहिले, आणि मराठीचे पहिले व्याकरण म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते असे वाचनाच्या गरजेतून जन्मले.

यानंतर आला तो कूट लिपीचा उपाय. चौदाव्या शतकाच्या मध्यास, सुमारे १३५३ मध्ये, 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांनी 'सकळ' नावाची लिपी सिद्ध केली, असे मानले जाते. मराठीच्या अक्षरांच्या जागी ठरवून दिलेली दुसरी अक्षरे आणि चिन्हे योजायची, म्हणजे किल्ली ज्याला गुरूकडून मिळाली आहे तोच पोथी वाचू शकेल, अशी तिची रचना. तिच्यामागून सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखी लिप्या वेगवेगळ्या आम्नायांत प्रचारात आल्या. पवित्र वचने अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, विरोधकांनी त्यांची विटंबना करू नये आणि परकीय सत्तेच्या काळात ग्रंथ सुरक्षित राहावेत, ही कारणे सांगितली जातात आणि त्या काळाचा विचार करता ती समजण्यासारखी आहेत. या उपायाचा एक मोठा लाभही झाला. ज्ञानेश्वरी सर्वांच्या हाती होती, म्हणून नकलकारांच्या हातून तिची भाषा पिढ्यानपिढ्या बदलत गेली आणि १५८४ मध्ये एकनाथांना प्रती जमवून तिचे शुद्धीकरण करावे लागले. सकळ लिपीतील ग्रंथ किल्ली जाणणाऱ्या मोजक्याच माणसांच्या हाती राहिल्याने तेराव्या शतकाची मराठी पुष्कळ प्रमाणात जशीच्या तशी राहिली. भाषेच्या अभ्यासकांनी या लिपीचे ऋण मानले पाहिजे.

तरीही हेतूच्या दृष्टीने पाहता येथे काहीतरी उलटे झाले. नागदेवांनी जे वंचितपण टाळण्यासाठी संस्कृत दूर ठेवले, तेच लिपीने मागल्या दाराने आत आणले. म्हातारीला शब्द कळत होता, पण अक्षर कळेना. ग्रंथाचे रक्षण झाले, वाचकांचे क्षेत्र आक्रसले, आणि बाहेरच्या समाजाला पंथात काय लिहिले आहे हे वाचता येईना म्हणून त्याने अफवा लिहिल्या. पेशवाईच्या काळापर्यंत 'मानभाव' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता. काळ्या वस्त्रांविषयी, संन्यासिनींविषयी, मूर्तिपूजेविषयी नाना कुजबुजी चालत आणि त्यांना उत्तर देणारे ग्रंथ पंथाच्याच घरात कुलूपबंद पडून होते. पंथाविषयीच्या द्वेषाचे एकमेव कारण लिपी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्णव्यवस्था आणि कर्मकांड नाकारणाऱ्यांना असा द्वेष अटळ होता. पण खुल्या ग्रंथाने तो काही अंशी तरी खोडला असता. याउलट लिपी असतानाही पंथ मराठीशी किती निष्ठेने बांधलेला राहिला याचे उदाहरण उत्तरेत आहे. पंजाबात आणि त्यापलीकडे पेशावर-काबूलपर्यंत 'जयकृष्णी' या नावाने तो पसरला, तेथील दीक्षितांनी मराठी शिकून मराठी पोथ्या वाचल्या आणि उतरवल्या. ज्यांची आई मराठी बोलत नव्हती अशा माणसांनी शतकानुशतके ही भाषा धर्मासाठी शिकावी, ही घटना महाराष्ट्राला फार उशिरा कळली.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वत'मध्ये या वाङ्मयाला जागा दिली, आणि पंथातील काही महंतांनीही आपण होऊन पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. या महंतांचे धाडस संशोधकांच्या परिश्रमाइतकेच मोठे होते, कारण त्यांना आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागणार होता. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय मराठी वाङ्मयाचा आढावा प्रसिद्ध केला, ह. ना. नेने यांनी १९३६–३७ पासून लीळाचरित्राचे भाग छापले, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांच्या अभ्यासाने या ग्रंथांना मराठीबाहेरचे वाचक मिळाले. कोलते यांच्या आवृत्तीवर मात्र पंथातून तीव्र आक्षेप आले: काही लीळांतील मजकूर परमेश्वराच्या चरित्राला कमीपणा आणणारा आहे, तो प्रक्षिप्त आहे, असे पंथीयांचे म्हणणे होते, पोथीत जे आहे तेच छापणे हे संपादकाचे कर्तव्य, असे अभ्यासकांचे. हा वाद श्रद्धा आणि शास्त्र यांचा म्हणून सांगितला जातो. पंथाच्या पहिल्या पिढीकडे पाहिले तर तो तसा राहत नाही, कारण शंकास्पद लीळेचे काय करायचे याचे उत्तर म्हाइंभटांच्या पद्धतीत होते: ती ठेवायची, शेजारी वेगळी वासना ठेवायची, आणि कोणी कोणते सांगितले ते लिहायचे. संपादकाला पंथीय साक्ष लागत होती आणि पंथाला संपादकाची निःपक्षपाती नोंद. एकाच पानावर दोन्ही मावली असती.

लिहिलेले कोणाला वाचता येते, या प्रश्नाला फलटणमध्ये आणखी एक धागा जोडला गेला आहे, आणि तो पंथाशी संबंधित नाही. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाभ्यासक विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात येथे राहावयास आल्या, फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर त्यांनी प्रबंध लिहिला, भारतीय नागरिकत्व घेतले आणि प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या कमला निंबकर बालभवनात प्रमाण मराठी घरी न ऐकणाऱ्या मुलांना वाचते-लिहिते कसे करावे, यावर वर्षानुवर्षे काम झाले. लिहिलेल्या भाषेने कोण वंचित राहते, हा नागदेवांचा प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशी होता. सात शतकांच्या अंतराने तो येथे पुन्हा गंभीरपणे विचारला गेला, याची नोंद फलटणच्या इतिहासात व्हावयास हवी.

आज परिस्थिती पुष्कळ बदललेली आहे. सूत्रपाठ, लीळाचरित्र, स्थानपोथी देवनागरीत छापून मठांच्या आवारात मिळतात, महानुभाव वाङ्मयाचा दाखला मराठीच्या प्राचीनतेसाठी दिला जातो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आणि ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लेखणी धरली तेथे राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ सुरू केले आहे. या सन्मानात एक धोका आहे, तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ग्रंथ भाषेचे वैभव म्हणून मिरवला जाऊ लागला की त्याचा वाचक बदलतो, आणि वाचक बदलला की संपादनाची दिशा बदलते; अवघड, गैरसोयीचे, एकमेकांशी न जुळणारे पाठ मागे पडतात आणि सर्वांना चालेल असा एकच गुळगुळीत पाठ पुढे येतो. तेरा आम्नायांपैकी आज प्रामुख्याने कवीश्वर आणि उपाध्ये हे दोनच टिकून आहेत, म्हणजे पाठांतील वैविध्य सांभाळणारी माणसे आधीच कमी झाली आहेत. मठांमधल्या अनेक पोथ्यांत हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी आलेल्या वासना एकत्र करून, त्या कोणत्या पोथीत, कोणत्या आम्नायाकडून आल्या ते दाखवत, पंथातील जाणकार आणि विद्यापीठातील अभ्यासक यांनी शेजारी बसून करावयाची आवृत्ती अद्याप झालेली नाही. तिच्यात शास्त्रीय टिपा पानाच्या तळाशी असाव्यात आणि वरचा मजकूर मोठ्या ठशात, सकळ लिपीची किल्ली किंवा संस्कृताचे ज्ञान न लागता, फलटणच्या यात्रेला आलेल्या वृद्धेला स्वतः वाचता येईल असा असावा.